४४१७ सकाळी का रुसते

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी ७.४०

काल दसरा. पूजा उत्तम झाली. मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण अशी पूजा आमच्या सोसायटीत आजवर कोणी केलेली नाही. बाकीचे काय करतात? बॉनेटवर हार, टायरखाली लिंबू, झालं. धनेशने (तळमजला, सोसायटीचा सेक्रेटरी, इलेक्ट्रिक गाडी) तर गाडीसोबत फोटो काढला आणि पेढे वाटले. ही काय पूजा?

मी आमच्या ४४१७चं (गाडीचा नंबर, तेच नाव) बॉनेट उघडलं. एअर फिल्टरचं गोल झाकण काढलं. मधोमध जिथून इंजिन श्वास घेतं तो खरा गाभारा. तिथे एक आपट्याचं पान, एक झेंडू आणि मोजून अकरा अक्षता ठेवल्या. झाकण लावलं. वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. लाल नाडा गुंडाळून सात गाठी मारल्या.

मनोरमा (पत्नी) आज सकाळी म्हणाली, उत्तरपूजा करून काढून टाका ते, रोज वापरायची वस्तू आहे. मी म्हटलं, ते पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथेच राहणार. ती म्हणाली, इंजिनात? मी म्हटलं, श्रद्धा लागते. ती दूध उतू जातंय का बघायला गेली.

आज गाडी सुरू व्हायला चार प्रयत्न लागले. सुरू झाली, भुर्र भुर्र केलं, बंद पडली. कारण: थंडी. (तापमान २८.)

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी ८.१५

सहा प्रयत्न. काळा धूर. पेट्रोलचा वास. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की दम कोंडल्यासारखी थरथरते आणि बंद. मिनिटभर थांबलं की परत सुरू होते, परत बंद. विचित्र.

घाबरायचं कारण नाही. एकतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. तुटकं बिस्कीट माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. गाडीचा दोष चार दिवसांत पकडतो.

पकडायलाच हवा. ४४१७ ही १९९८ची, आमची संपदाही १९९८ची. आगाशीच्या प्रसूतिगृहातून पाच दिवसांच्या पोरीला मी याच गाडीतून विरारला घरी आणलं. इतक्या जपून चालवली की एका बैलगाडीने ओव्हरटेक केलं. आता तिचं लग्न २३ नोव्हेंबरला, मुहूर्त सकाळी १०.४७, हॉल वसईत. नवरीला मी स्वतः याच गाडीतून नेणार, हे मी तिला ती सातवीत असताना सांगून ठेवलंय. तेव्हा हो म्हणाली होती. आज परत विचारलं तर म्हणाली, हो बाबा, चालली तर.

तो ‘तर’ मला आवडला नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. सकाळी ९.००

निदान झालं. बॅटरी. नवीन बसवली.

९.२०. बॅटरी नव्हे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. सकाळी ११.३०

रायनला बोलावलं. आगाशी रोडवर त्याचं गॅरेज आहे. मुलगा गुणी, पण घाई फार. आला, एकदा चावी फिरवून आवाज ऐकला आणि लगेच म्हणाला, अंकल, हवा कमी पडते, पहिला एअर फिल्टर उघडू या. दोन मिनिटांत! मी इतके दिवस अभ्यास करतोय.

मी त्याला स्वस्तिक आणि नाडा दाखवला. हात कपड्याला पुसून बिचारा मागे सरकला. म्हणाला, सॉरी अंकल, तुमची पूजा आहे, मी कसा हात लावणार? संस्कार म्हणतात ते हे. वसईची माणसं.

मग त्याने स्पार्क प्लग काढले. काळेकुट्ट. म्हणाला, काळे म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. मी त्याला शांतपणे समजावलं की विरारमध्ये हवा कमी पडणं शक्य नाही. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी. हवाच हवा. तो माझ्याकडे बघत राहिला. पटलं असावं.

नवे प्लग. दोन प्रयत्नांत सुरू. विजय!

११.५०. बंद.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी १.००

निदान झालं. पेट्रोलमध्ये पाणी. मोबाइलवर एका हरियाणवी गृहस्थांचा व्हिडिओ बघितला. त्यांची गाडीही सकाळी अशीच करायची. (त्यांचा ट्रॅक्टर होता, पण तत्त्व तेच.) टाकीतलं सगळं पेट्रोल नळीने तोंडाने ओढून बादलीत काढलं. थोडं गिळलं.

पाणी नव्हतं.

बादली अंघोळीची निघाली. मनोरमाने ती गॅलरीत नेऊन ठेवली आणि मला दोन दिवस स्वयंपाकघरात बंदी केली. म्हणाली, ढेकर द्यायचा तर जिन्यात जाऊन द्या. जेवण हॉलमध्ये, खिडकीशी. संपदा मोठ्याने हसली. हसू दे. लग्नाच्या दिवशी कळेल.

संकल्प: यापुढे कुठलीही गोष्ट तोंडाने ओढायची नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर. सकाळी ७.००

नवा विचार. कोल्ड स्टार्ट म्हणजे काय? थंड असताना सुरू न होणं. मग थंड होऊच द्यायची नाही! संध्याकाळी इंजिन गरम असतानाच बॉनेट पांघरुणात गुंडाळायचं. इतकं साधं कुणालाच कसं सुचलं नाही?

काल संध्याकाळी कपाटात वरच एक जाडजूड गोधडी मिळाली. गुंडाळली.

सकाळी सात प्रयत्न. गाडी गार. मनोरमा मात्र तापलेली. गोधडी रुखवताची होती. तिने आणि तिच्या बहिणीने चार महिने बसून शिवलेली, मध्ये मोर. मोराच्या पोटावर आता ऑइलचा डाग आहे. मी म्हटलं, तिथे पिसारा वाढवता येईल. यावर ती जे म्हणाली ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा. सकाळी १०.३०

मनोरमाने ओवाळलं. रिवाजाप्रमाणे विचारलं, काय हवं? मला वाटलं साडी म्हणेल. म्हणाली, त्या झाकणाची उत्तरपूजा करा, नाहीतर गाडी भंगारात द्या, दोनातलं काय ते एक.

मी म्हटलं, सणासुदीला असं बोलतात का? त्या पूजेचा आणि या बिघाडाचा काय संबंध? उलट पूजा आहे म्हणून गाडी सुरू तरी होतेय! ती म्हणाली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका चावीत सुरू होत होती. मी म्हटलं, योगायोग. क्वालिटी कंट्रोलमध्ये आम्ही याला योगायोगच म्हणायचो.

नेमका तेव्हा धनेश फराळाला आला. चिवडा खाता खाता म्हणाला, काका, लग्नाला माझी गाडी घ्या ना, एसी आहे, आवाज नाही. आवाज नाही हे सांगतो कसलं कौतुकाने! आवाज नसलेली वस्तू गाडी कशी? आमचा फ्रिजही जास्त आवाज करतो. मी सगळ्यांसमोर सांगितलं: संपदा ४४१७मधूनच जाणार. शब्द आहे माझा.

मग मनोरमानेही सगळ्यांसमोर सांगितलं: त्या दिवशी ही गाडी चालली नाही, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. तिने त्याचा नंबर कागदावर लिहिला आणि आंब्याच्या मॅग्नेटने फ्रिजवर लावला. सत्तावीस वर्षांची गाडी आणि आंब्याचं मॅग्नेट!

मी तो कागद सरळ केला. (क्वालिटी कंट्रोलची सवय.)

रविवार, २ नोव्हेंबर. दुपारी २.१५

मोठा शोध. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की बंद पडते. म्हणजे पाय काढायचाच नाही! आयडलिंगचा प्रॉब्लेम आयडल न राहूनच सुटतो. आयुष्यालाही हे लागू आहे.

या शोधावर विश्वास ठेवून आज पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला आगाशीला निघालो. मी, मनोरमा, संपदा. मंदिरापर्यंत ठीक. परतताना बाजारात समोर एसटी थांबली. मी ब्रेक दाबला. पाय दोनच आहेत. एक क्लचवर, एक ब्रेकवर. अॅक्सिलरेटरला तिसरा आणायचा कुठून? हा गाडी बनवणाऱ्यांचा विचार कमी पडला.

बंद. बाजाराच्या मधोमध. मागे रिक्षांची रांग. सुकेळी (वाळवलेली केळी) विकणारी एक बाई टोपली ठेवून आली आणि म्हणाली, उतरा ओ काका, धक्का मारू. मी म्हटलं, चालकाने उतरायचं नसतं. मग ती, तिची शेजारीण, एसटीचा कंडक्टर आणि आमची संपदा यांनी ढकलली. नवरी मुलगी, नवा ड्रेस, कोपरापर्यंत धूळ. बायका विचारत होत्या, लग्न कुणाचं ग? ती ढकलता ढकलता सांगत होती, माझंच.

गाडी सुरू झाली. संपदा आत येऊन बसली. घरी येईपर्यंत ओढणीने कोपरं पुसत राहिली. दमली असेल.

मनोरमाने त्या बाईकडून सुकेळी घेतली. वाटेत तीही मला दिली नाहीत.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी १०.००

रायन परत. म्हणाला, अंकल, कार्ब्युरेटर साफ करावा लागेल, त्याला फिल्टरचा डबा काढावा लागतो. मी मान हलवली. तो म्हणाला, तुमच्या भटजींना विचारू का? मी म्हटलं, भटजींना कार्ब्युरेटरमधलं काय कळतं?

मग जरा वेळ तो पान्याशी खेळत बसला. म्हणाला, अंकल, राग नका मानू. आमच्या गॅरेजला पण फादर येतात दर वर्षी, आशीर्वाद देतात, पवित्र पाणी शिंपडतात. पण बाहेरून शिंपडतात. गाडीच्या आत ओतत नाहीत.

मी म्हटलं, ज्याची त्याची पद्धत. त्याला लग्नाची पत्रिका दिली. खूश झाला. जाताना पेट्रोलची नळी, केबल, चोक सगळं तपासून गेला. झाकणाकडे मात्र आईस्क्रीमच्या गाडीकडे बघावं तसं बघत होता.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी ८.००

चालली!! पहिल्या चावीत! अकरा मिनिटं सलग, एका जागी, पाय न लावता! घड्याळ लावून मोजलं. लगेच धनेशची बेल वाजवली, तो दात घासत होता, तसाच त्याला आणून ऐकवलं. तोंडातल्या फेसासकट त्याने अभिनंदन केलं. सांगून टाकलं, तुझी गाडी नको, लोभ असावा.

निदान: तिला माझ्याकडून संयम हवा होता. तो मिळाला.

संपदाला सांगितलं. ती आनंदाने गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, मला खरंच याच गाडीतून जायचं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते. मी म्हटलं, वेडी. आणि तोंड धुवायला गेलो.

८.४०. सहज परत चावी फिरवली. बंद. पण ते सहज होतं, त्यामुळे धरलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.१०

हळद झाली. गाडी धुतली, पुसली, बॉनेटवर झेंडूचे हार. आरशात स्वतःला फेटा घालून बघितलं. रुबाबदार दिसतो.

उद्याचा कार्यक्रम: ५.४० चावी. ८.३० प्रस्थान. ९.१५ वसई. ९.२० सुमेधचे (होणारे जावई) वडील दारात स्वागत करतात, मी काच खाली करतो, म्हणतो, काही त्रास झाला नाही, गाडीच तशी आहे. हे वाक्य तीन वेळा म्हणून बघितलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

५.४०. चार प्रयत्न. सुरू. बंद.

६.३०. आठ प्रयत्न. बॅटरी मंद. ही नवी आहे ना?

७.१५. मनोरमा वरून, गॅलरीतून विचारते, काय? मी अंगठा दाखवला. वर केलेला.

८.२५. सुरू! काळा धूर, शेवंतीच्या वेण्या घातलेल्या बायका खोकतायत. संपदा मागे बसली. हिरवा चुडा, मुंडावळ्या. मी पाय दाबून धरलाय. आयुष्यात काढणार नाही.

८.३२. गेट.

(पुढचं आत्ता, रात्री जेवणं झाल्यावर लिहितोय.)

आमच्या गेटाला चढ आहे. बाहेरचा रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून सोसायटी खाली आणि रस्ता वर. चढाच्या मधोमध समोरून रिक्षा आली, ब्रेक दाबला, ४४१७ बंद. नेमकी गेटात. मागे धनेशची गाडी, त्याच्या मागे वऱ्हाडाची मिनीबस, त्याच्या मागे रुखवताचा टेम्पो. सगळं लग्न माझ्या मागे कोंडलेलं. मुहूर्त १०.४७.

ढकलायला आले. चढ. धोतरं, सिल्कचे कुर्ते, नवे बूट. वीतभर वर, दोन वीत खाली. कुणीतरी म्हणालं, मागे घ्या. मागे धनेश. धनेश म्हणाला, माझ्या मागे बस. बसवाला म्हणाला, माझ्या मागे टेम्पो. टेम्पोवाला चहाला गेला होता.

९.०५ वाजले. मी काचा वर करून दारं आतून लावून घेतली होती. कॅप्टनने जागा सोडायची नसते. फेटा डोळ्यावर येत होता. मागून संपदा हळूच म्हणाली, बाबा, माझं लग्न आहे हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला एकदम पाच दिवसांची ती आठवली, मागच्याच सीटवर, मनोरमाच्या मांडीवर, बंद मुठी.  चावी फिरवली. कट कट कट. काही नाही.

काचेवर टकटक. मनोरमा. शालू, नथ, हातात लग्नाच्या अक्षतांचं ताट. म्हणाली, बॉनेट उघडा.

मी उघडलं.

तिने चपला काढल्या. झाकणावर चार अक्षता टाकल्या, हात जोडले, पुनरागमनाय च म्हणाली, झाकण बोटाने एवढंसं हलवलं. झाली उत्तरपूजा. वीस सेकंद. मग दातांनी नाड्याच्या गाठी तोडल्या आणि मागे वळून म्हणाली, रायन, आता घे रे बाळा.

रायन वऱ्हाडात होता. काळा सूट, लाल टाय, केसांना तेल. त्याने कोट काढून धनेशच्या हातात दिला, झाकण काढलं आणि आत बघून कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर क्रूस काढला. पन्नास माणसं वाकली. आत झेंडूचा चुरा. आणि बरोबर इंजिनाच्या नरड्यावर, झाकणासारखं बसलेलं, आपट्याचं पान. वाळून टणक. रायनने सगळ्यांना समजावून सांगितलं (गरज नव्हती): इंजिन श्वास घेतं, पान ओढलं जातं, भोक बंद, गाडी बंद. गाडी बंद झाली की पान सुटतं, एखाद्या दिवशी बाजूला पडलं की गाडी चालतेही. परत सुरू, परत ओढलं. अंकल, पावणेदोन महिने ती श्वास घ्यायला बघत होती हो.

पन्नास माणसांत कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं. मग धनेश हसला, आणि मग सगळेच.

धनेशच्या बॅटरीवरून वायर जोडून (हो, त्याच्याच) चावी फिरवली. एका झटक्यात सुरू. पाय काढला. चालूच. एकसारखी, शांत, घर्र. धूर नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी होती तशीच.

रायन म्हणाला, अंकल, तुम्ही मागे बसा, मी चालवतो. मी म्हटलं, शब्द दिलाय. संपदा म्हणाली, बाबा, शब्द मला नेण्याचा होता ना, गाडी चालवण्याचा कुठे होता? या, माझ्याजवळ बसा. बसलो. मांडीवर मोराची गोधडी, टेम्पोत मावली नाही म्हणे. वसईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. ९.५८ला पोचलो. दारात सुमेधचे वडील. काच खाली केली. ते वाक्य आठवेना.

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी ७.३०

सविस्तर निष्कर्ष लिहून ठेवतो. पूजेत दोष नव्हता. एअर फिल्टरची रचना पूजेच्या दृष्टीने सदोष आहे. अकरापैकी सात अक्षता सापडल्या. चार इंजिनाने स्वीकारल्या. याहून मोठा कौल काय हवा? पान रोजनिशीत ठेवलंय.

सकाळी उठलो तर मनोरमाने फ्रिजवरून भंगारवाल्याचा नंबर काढलेला. आंबा नुसताच.  म्हणाली, अकरा वाजता संपदाकडे नायगावला जाऊ, आपल्याच गाडीतून. आपल्याच!

सकाळी ११.४०

दहालाच खाली गेलो. एका चावीत सुरू. बंद करावीशीच वाटेना. पाय नाही, चोक नाही, नुसता बसून ऐकत राहिलो. मागची सीट रिकामी. तिथे शेवंतीची एक पाकळी आणि एक टाचणी पडली होती. डोळ्यांत धूर गेला. (आता धूर येत नाही. तरी.) तास कसा गेला कळलं नाही.

अकराला मनोरमा पिशवी घेऊन आली. सुकेळी, लाडू, लोणच्याची बरणी. दार उघडून बसली. म्हणाली, चला. मी गियर टाकला.

बंद.

कट कट कट. मी म्हटलं, हे नवीन दिसतंय, तपासावं लागेल, बॉनेट उघडतो. ती वाकून काट्याकडे बघत म्हणाली, पेट्रोल संपलंय. तासभर उभ्या उभ्या जाळलंत.

धनेश बाहेर निघाला होता. ती एकदा वर जाऊन आली आणि त्याच्या गाडीतून गेली. खरंच आवाज आला नाही.

१२.१०. पाणी प्यायला वर आलो. फ्रिजवर आंबा, आंब्याखाली नंबर.